दोनशेच्या खाली आल्यावर या

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. मिहानवरच्या माझ्या पोस्टी नेहमी जमिनीच्या, मोबदल्याच्या, नाहीतर शिवणगावच्या पुनर्वसनाच्या असतात. ही एका गोळीची आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात ओळखीचा एक पोरगा घरी आला. मिहानमधल्या एका कंपनीत ठेक्यावर कामाला आहे. कोणत्या, ते सांगत नाही, त्या कंपनीचा या गोष्टीशी संबंध नाही. आल्या आल्या त्यानं दार लोटून घेतलं. म्हणाला, "काकाजी, तुम्ही औषधाच्या लाइनमधी होते ना? मले एक सांगा. गोया सुरू केल्या अन् मानेले गाठी आल्या. ताप येऊन रायला. पयले मी बरा होतो. ह्या गोयाच मले मारून रायल्या का?"

गोळ्या कसल्या, ते सांगायला त्याला पाच मिनिटं लागली. एचआयव्हीच्या. सुरू करून पाच आठवडे झाले होते आणि तीन दिवसांपासून त्यानं त्या बंद केल्या होत्या. बंद का केल्या, तर त्याच्या मोबाइलवर एक मेसेज होता. एचआयव्हीची औषधं म्हणजे विष, ती प्रतिकारशक्ती मारतात, माणूस रोगानं नाही तर औषधानं मरतो, त्यापेक्षा अमुक काढा घ्या. खाली काढ्याचा दर आणि मोबाइल नंबर.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं एमआर म्हणून बॅग घेऊन विदर्भातले दवाखाने पालथे घातले, एवढीच माझी पात्रता. गाठींचं काय ते डॉक्टर सांगतील म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला मेडिकलच्या एआरटी सेंटरला घेऊन गेलो. तिथे काय झालं ते पुढे येईलच. पण ही औषधं प्रतिकारशक्तीचं नेमकं काय करतात, हा त्याचा प्रश्न साधा नव्हता. त्याचं उत्तर माझ्या घरातच दोन माणसांच्या अंगावर लिहिलेलं आहे. एक माझा मामा, दुसरी मामी.

मामा वाडीच्या ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर होता. नागपूर-रायपूर, नागपूर-हैदराबाद. २००१ पासून तो बारीक व्हायला लागला. तोंडात पांढरी बुरशी, मग जुलाब, मग टीबी. २००२ मध्ये तपासणी झाली. एका खासगी नर्सिंग होममध्ये त्याच्या पलंगाला लाल चिठ्ठी लावली होती आणि जेवणाचं ताट दारातून आत सरकवत होते. तेव्हा मुंबईच्या कंपनीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी बाजारात आलेली होती. महिन्याचा खर्च हजाराच्या वर. मामाचा पगार तीन हजार, तोही गाडी चालली तर. आम्ही भाच्यांनी पैसे जमवले, चार महिने गोळ्या घेतल्या. त्याचं वजन वाढलं, तो पुन्हा पान खायला चौकात जायला लागला. मग पैसे संपले. दोन महिने खंड. पुन्हा जमवले, पुन्हा सुरू. या वेळी गोळीनं काही केलं नाही. २००३ च्या पोळ्याला तो गेला.

तेव्हा मला वाटायचं, रोगच मोठा होता. खंड पडल्यावर शरीरात काय होतं, ते मला नंतर कळलं. औषधाच्या लाइनमध्ये असून नंतर कळलं, हे इथे कबूल करतो.

आता जरा शरीरात शिरू. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशींची फौज असते, हे शाळेत शिकलो. त्यातल्या सीडी-४ नावाच्या पेशी म्हणजे बांधकामावरचे मुकादम समजा. मुकादम स्वतः विटा उचलत नाही, पण कोणी कुठे उभं राहायचं, माल कुठे टाकायचा, काम कधी थांबवायचं, हे तोच सांगतो. एचआयव्ही नेमका या मुकादमांच्या अंगात शिरतो, त्यांच्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढतो आणि त्यांना संपवतो. निरोगी माणसात रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारण ५०० ते १५०० सीडी-४ असतात. दोनशेच्या खाली गेलं की साइटवर मजूर असतात, सांगणारं कोणी नसतं. मग साधी बुरशीही माणसाला आडवं करते.

या रोगावरचं पहिलं औषध एझेडटी, म्हणजे झिडोव्हुडिन. हे रसायन १९६४ मध्ये अमेरिकेत जेरोम हॉर्विट्झ यांनी कॅन्सरसाठी बनवलं होतं. कॅन्सरवर चाललं नाही म्हणून कपाटात पडून राहिलं. मार्च १९८७ मध्ये ते एड्सवरचं पहिलं औषध म्हणून मंजूर झालं. वर्षाचा खर्च आठ ते दहा हजार डॉलर. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये, मद्रासला डॉ. सुनीती सोलोमन आणि सेलप्पन निर्मला यांनी देशातले पहिले संसर्ग शोधून काढले होते. एझेडटी दिलं की सीडी-४ वाढायच्या. काही महिने. मग पुन्हा घसरायच्या. एका औषधाला विषाणू बदलून चकवायचा.

असं का होतं, ते १९९५ च्या जानेवारीत कळलं. तोवर समजूत अशी, की विषाणू शरीरात आठ-दहा वर्षं झोपून असतो आणि मग जागा होतो. डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी रुग्णांना नवी औषधं देऊन विषाणू किती वेगानं घटतो ते मोजलं. निष्कर्ष असा, की विषाणू एक दिवसही झोपत नाही. रोज शेकडो कोटी नवे विषाणू तयार होतात, रोज तेवढेच मारले जातात, आणि शरीर रोज नव्या सीडी-४ पेशी कामाला लावतं. म्हणजे बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या आत दहा वर्षं रोज लढाई चाललेली असते. शरीर हरतं ते अशक्त म्हणून नाही, थकून.

हे कळल्यावर पुढचं गणित सोपं होतं. एका औषधाला चकवणारा विषाणू एकाच वेळी तीन औषधांना चकवू शकत नाही. १९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, आणि मरायला टेकलेली माणसं उठून कामावर जायला लागली.

इथे तो मेसेज साफ चुकतो, आणि गंमत म्हणजे औषधाची बाजू घेणारे लोकही इथेच चुकतात. ही औषधं प्रतिकारशक्ती मारत नाहीत. पण ती प्रतिकारशक्ती वाढवतही नाहीत. ती एकच काम करतात. विषाणूला नव्या प्रती काढू देत नाहीत. बाकी सगळं शरीर स्वतः करतं. पहिल्या काही आठवड्यांत सीडी-४ चा आकडा झपाट्यानं वर जातो, पण त्यातल्या बऱ्याच पेशी नव्या नसतात. लढाईमुळे गाठींमध्ये, ऊतींमध्ये अडकून पडलेले जुने मुकादम रक्तात परत येतात. त्यानंतरची वाढ हळू असते, वर्षानुवर्षं चालते, आणि ती खऱ्या नव्या पेशींची असते. त्या छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि ती ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते. म्हणून वीस वर्षांच्या पोराचं शरीर जेवढ्या लवकर भरून येतं, तेवढं पन्नाशीतल्या बाईचं येत नाही.

"मग नुसत्या सीडी-४ वाढवणारं काही का देत नाहीत?" असं कोणी विचारेलच. करोनापासून आपल्याकडे बूस्टर या शब्दाला फार भाव आलाय. तर तेही करून झालंय. इंटरल्युकिन-२ नावाचं द्रव्य टोचून सीडी-४ चा आकडा खरोखर वाढवता येतो. दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्ही मिळून पाच हजारांवर रुग्ण, निकाल २००९ मध्ये आले. आकडा वाढला. आजारपण आणि मृत्यू मात्र एकानंही कमी झाले नाहीत. मुकादमांची हजेरी भरली, काम वाढलं नाही. काढ्याचा दर लिहिणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता पैशाकडे येतो, कारण प्रतिकारशक्तीचा इतिहास आपल्याकडे खरं तर दराचा इतिहास आहे.

तीन औषधांचा उपचार पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरला पडायचा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. दुसऱ्या पद्धतीनं तेच औषध बनवायला आपल्या कंपन्या मोकळ्या होत्या. मुंबईच्या सिपलानं स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधं एका गोळीत आणली. बाहेर ही गोळी कोणी बनवूच शकत नव्हतं, कारण तिन्हींचे हक्क तीन वेगळ्या कंपन्यांकडे होते. फेब्रुवारी २००१ मध्ये सिपलाचे युसूफ हमीद यांनी जाहीर केलं, की डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला हा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. जगभर खळबळ उडाली. मी तेव्हा लाइनमध्ये होतो. आमच्यात चर्चा एवढीच, की यात सिपलाला सुटतं काय. आफ्रिकेत किती माणसं वाचतील, याची चर्चा आमच्या टेबलावर झाल्याचं मला आठवत नाही.

मामानं घेतली ती अशीच तिहेरी गोळी. आणि तिच्यात एक मेख होती. गोळी बंद केली की स्टॅव्हुडिन आणि लॅमिव्हुडिन दोन-तीन दिवसांत शरीरातून निघून जातात. नेव्हिरापिन एक ते तीन आठवडे रक्तात रेंगाळतं. म्हणजे खंड पडल्यावर विषाणूसमोर तीन नाही, एकच औषध उरतं, आणि एका औषधाला चकवायला तो तयारच असतो. आम्ही भाच्यांनी मामाला दोन महिन्यांचा खंड दिला तेव्हा नकळत त्याच्या विषाणूची शिकवणी घेतली. दुसऱ्या खेपेला गोळी चालली नाही, ती यामुळे असावी.

मामीची तपासणी मामा गेल्यावर झाली. पॉझिटिव्ह. नवऱ्याशिवाय दुसऱ्या पुरुषाशी कधी नीट बोललेली नाही ती बाई. तिच्यासारख्या किती असतील, हे पुण्यात आधीच मोजून झालं होतं. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९७ मध्ये जामा या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या बायकांपैकी १३.६ टक्क्यांना एचआयव्ही होता, आणि बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नव्हता. तेव्हा लोक हा रोग वस्तीतल्या बायकांचा समजत होते. तो तोवर स्वयंपाकघरात पोचला होता.

३० नोव्हेंबर २००३ ला, म्हणजे मामा गेल्यावर तीनेक महिन्यांनी, तेव्हाच्या आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी मोफत औषधांची घोषणा केली. १ एप्रिल २००४ पासून देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत सुरुवात झाली. आपल्या राज्यात मुंबईचं जे. जे. नागपूरपासून आठशे किलोमीटर. केंद्रं हळूहळू वाढली. २००५ मध्ये मामीची सीडी-४ तपासली, तेव्हा ३१० होती. डॉक्टर चांगले होते, समजावून बोलले. म्हणाले, आत्ता औषधाची गरज नाही, तपासत राहू, दोनशेच्या खाली आल्यावर या.

नियमच तसा होता. त्यात त्या डॉक्टरांचा काही दोष नाही. त्याला कारणंही होती. गोळ्या कमी, केंद्रं कमी, त्यामुळे आधी मरणाच्या दारातल्यांना द्या. आणि औषधांचे त्रास मोठे, त्यामुळे जेवढं उशिरा सुरू कराल तेवढं बरं, असं तेव्हा जगभर मानलं जायचं. मामी खूश होऊन घरी आली. "मले काय झालं बाप्पा, डॉक्टर म्हणते गोईची गरजच नाही."

२००६ मध्ये नागिणीनं तिचं अर्धं अंग भाजून काढलं तेव्हा पुन्हा तपासलं. ९४.

आता माझं खरं म्हणणं सांगतो. ३१० वरून ९४ वर येईपर्यंत आपण वाट पाहिली, तेव्हा नुसता आकडा खाली येत नव्हता. लढाईत आतड्याच्या भिंतीतल्या सीडी-४ पेशी तर संसर्गाच्या सुरुवातीलाच मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. लसिका ग्रंथी, जिथे या पेशी राहतात आणि शिकतात, तिथे सततच्या दाहानं वण पडतात. जखम भरल्यावर कातडी कशी घट्ट होते, तसं. नंतर औषधानं विषाणू पूर्ण थांबला तरी नव्या पेशींना राहायला पूर्वीचं घर उरलेलं नसतं. मामीचं एआरटी कार्ड माझ्याकडे फोटोत आहे. ९४, मग १८८, मग २५७, मग ३३०. त्यानंतरची सगळी वर्षं ३४० ते ३८० च्या मधे. वीस वर्षं एकही गोळी चुकवली नाही. विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही. आकडा मात्र तिथेच. दोनशेच्या खाली गेल्यावर सुरुवात करणाऱ्या कितीतरी जणांचं असंच होतं. पाचशेवर सुरू करणाऱ्याचं आकडेवारीत निरोगी माणसापेक्षा फारसं वेगळं दिसत नाही.

म्हणजे औषध कोणतं, यापेक्षा कधी, यावर छत ठरतं.

मेसेजमधला एक दाणा मात्र खरा आहे, तोही सांगायला हवा. मामीला सुरुवातीला स्टॅव्हुडिनची गोळी होती. तीन-चार वर्षांत तिची गालफडं बसली, हातापायांच्या शिरा वर आल्या, तळपाय रात्रभर जळायचे. ती चादर पाण्यात भिजवून पायाला गुंडाळून झोपायची. स्टॅव्हुडिन पेशींमधल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाला इजा करतं, त्यातून हे होतं. हिंगण्याच्या बाजारात बायका चेहऱ्यावरून ओळखायच्या, हिला "ते" आहे. श्रीमंत देशांनी ही गोळी केव्हाच मागे टाकली होती, आपण स्वस्त म्हणून वापरत राहिलो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ती टप्प्याटप्प्यानं बंद करा असं सांगितलं. झिडोव्हुडिननं काहींचं रक्त कमी व्हायचं, नेव्हिरापिननं अंगावर पुरळ उठायचं. औषधाला लोक विष म्हणायला लागले ते उगाच नाही. पण ते त्रास त्या त्या औषधाचे होते. आणि त्याच जळणाऱ्या पायांवर ती आज उभी आहे. मामाकडे तेही नव्हतं.

२००६ मध्येच स्मार्ट नावाच्या चाचणीचे निकाल आले. ३३ देशांतले ५४७२ रुग्ण. अर्ध्यांना औषध सलग, अर्ध्यांना सीडी-४ चांगली असेल तेव्हा सुट्टी. अपेक्षा अशी, की सुट्टीनं औषधाचे त्रास वाचतील. झालं उलटं. सुट्टीवाल्यांत मृत्यू जास्त, आणि एड्सशी संबंध नाही असं ज्यांना वाटायचं ते हृदयाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे आजारही जास्त. मोकाट विषाणू सगळ्या शरीरात धग पेटवत असतो, हे तेव्हा पहिल्यांदा एवढं स्पष्ट दिसलं.

मग २०११. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांची चाचणी, एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. भारतातून चेन्नई आणि पुण्याची भोसरीची नारी, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, त्यात होती. औषध लगेच सुरू केलं तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. पुण्याच्या जोडप्यांनी दिलेल्या रक्तातून हे जगाला कळलं, पण आपल्याकडे ही बातमी म्हणून कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. आणि २०१५ मध्ये स्टार्ट चाचणी, ४६८५ रुग्ण, सगळ्यांची सीडी-४ पाचशेच्या वर. लगेच सुरू करणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी.

रेषा वर सरकत गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये ३५०, २०१३ मध्ये ५००, २०१५ मध्ये रेषाच पुसली. आपण मागोमाग गेलो. २०१७ पासून भारतात तपासणी पॉझिटिव्ह आली की आकडा काहीही असो, औषध सुरू. "दोनशेच्या खाली आल्यावर या" हे वाक्य तेरा वर्षं टप्प्याटप्प्यानं मरत होतं.

आणि ते मरू शकलं, कारण गोळी स्वस्त झाली. हल्लीची गोळी टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. दिवसाला एक, त्रास कमी, विषाणूला चकवायला अवघड. २००५ पासून आपला पेटंट कायदा बदलला होता, पण डोल्युटेग्राव्हिरचा परवाना २०१४ मध्ये मेडिसिन्स पेटंट पूलमार्फत भारतीय कंपन्यांना मिळाला. २०१७ मध्ये गरीब देशांसाठी टीएलडीचा दर वर्षाला ७५ डॉलर ठरला, २०२३ मध्ये ४५ च्या खाली आला.

आता मिहान. विमानतळाच्या या प्रकल्पाची कंपनी, एमएडीसी, २००२ ची. ज्या वर्षी मामाच्या पलंगाला लाल चिठ्ठी लागली, त्याच वर्षीची. खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही इथल्या शेतांचं काय झालं त्यावर मी भरपूर लिहिलंय, पुन्हा लिहीत नाही. त्या जमिनीवर सेझमध्ये आज लुपिनचा कारखाना आहे, आणि अमेरिकी एफडीएच्या मंजुऱ्या जाहीर करताना एचआयव्हीच्या काही गोळ्या नागपूरच्या कारखान्यात तयार होतील, असं कंपनीनं सांगितलेलं आहे. त्याच मिहानमध्ये एम्स आहे, ११ डिसेंबर २०२२ ला लोकार्पण झालेलं. मिहाननं किती नोकऱ्या दिल्या यावर मी कायम भांडत आलोय, पुढेही भांडणार. पण ज्या गोळीसाठी मामा गेला, तिची धाकटी बहीण त्याच्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर तयार होऊ शकते, हे लिहिताना हात जरा थांबतो.

गोळी तयार होणं आणि माणसाच्या तोंडात रोज पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ च्या जुलैत दिल्लीत नॅकोच्या कार्यालयाबाहेर रुग्ण महिनाभराहून जास्त धरणं धरून बसले होते, कारण काही राज्यांत गोळ्यांचा साठा कमी पडला होता. महिन्याच्या जागी चार-पाच दिवसांच्या गोळ्या मिळत होत्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली तेव्हा आफ्रिकेतल्या दवाखान्यांमध्ये धावपळ झाली, आणि त्या मदतीतून वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांचा मोठा भाग भारतातूनच जातो. टेबलावर बसलेल्यांना ही पुरवठ्याची अडचण वाटते. शरीराच्या बाजूनं पाहा. औषध कितीही वर्षं घेतलं तरी काही सीडी-४ पेशींमध्ये विषाणू दडून बसलेला असतो, १९९७ मध्ये तीन गटांनी हे दाखवून दिलं. गोळी थांबली की बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत तो रक्तात परत येतो. टेंडर उशिरा निघालं म्हणून थांबली की मेसेज वाचून थांबली, विषाणूला फरक पडत नाही. आपल्या देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात, राज्यांत सर्वांत जास्त महाराष्ट्रात, चार लाखांच्या आसपास. यांची प्रतिकारशक्ती खरेदी विभागाच्या फायलीवर उभी आहे.

त्या पोराचं सांगायचं राहिलं.

सेंटरवरच्या मॅडमनी त्याचा कागद पाहिला. सुरू करताना सीडी-४ ६१. नियम आता "लगेच सुरू करा" असा आहे, पण हा तपासायलाच उशिरा गेला. लाज, दुसरं काय. मानेच्या गाठीतून सुईनं पाणी काढून तपासलं. टीबी निघाला. मॅडमनी त्याला समजावलं ते असं. टीबी तुझ्या अंगात आधीपासून होता. पण ६१ मुकादमांच्या भरवशावर शरीर त्याच्याशी लढतच नव्हतं, म्हणून ताप नाही, गाठ नाही, तू "बरा" होतास. गोळ्या सुरू झाल्या, मुकादम परत आले, त्यांनी शत्रू पाहिला आणि एकदम हल्ला चढवला. ती सूज म्हणजे गाठी. याला डॉक्टरी भाषेत आयरिस म्हणतात, प्रतिकारशक्ती परत येताना होणारा दाह. फार खालच्या आकड्यावर सुरुवात करणाऱ्यांत तो जास्त दिसतो, आणि आपल्याकडे टीबी एवढा असल्यानं बऱ्याचदा टीबीचाच असतो. म्हणून आधी टीबी शोधतात, असेल तर त्याची औषधं आधी, मग एआरटी. याचा पहिल्या तपासणीत सापडला नव्हता.

(मुकादम हा शब्द मॅडमचा नाही, माझा आहे. त्या "सोल्जर" म्हणाल्या होत्या.)

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे गाठी आल्या ते औषध लागू पडलं म्हणून?" मॅडम म्हणाल्या, हो, पण म्हणून त्या तशाच सोडायच्या नाहीत. टीबीची औषधं सुरू झाली. टीएलडी पुन्हा सुरू झाली. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिर शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे टीबीचा कोर्स असेपर्यंत त्याला संध्याकाळी डोल्युटेग्राव्हिरची एक जास्तीची गोळी आहे. ती विसरू नये म्हणून त्यानं मोबाइलवर शिफ्ट सुटायच्या वेळेचा अलार्म लावलाय. घरी अजून सांगितलेलं नाही. लग्नाचं विचारत होता. मॅडमनी सांगितलं, विषाणू न सापडण्याइतका खाली गेला आणि तिथेच राहिला, तर बायकोला संसर्ग होत नाही. पण तिला आधी सांगायचं.

मामीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, नाव न घेता. ती म्हणाली, "त्याले सांग, पायाची आग झाली तं चादर भिजवून झोप." मी म्हटलं, मामी, आताच्या गोळीत ते नाही. "बरं हाये मंग," म्हणाली, आणि दुसऱ्याच विषयावर गेली.

कमेंट करणाऱ्यांना दोन गोष्टी. कुणाचंही नाव, गाव, आजार इथे लिहू नका. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं विश्वासात मिळालेली कुणाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी लिहायचं नव्हतं. तपासणी किंवा औषधाबद्दल काही विचारायचं असेल तर नॅकोचा फुकट नंबर १०९७ आहे, मराठीतही बोलतात. आणि कुणाला तो काढ्याचा मेसेज आला असेल तर मला इनबॉक्समध्ये पाठवा, खालचा मोबाइल नंबर सगळीकडे एकच आहे का ते मला बघायचंय.